बाबा, ‘वाढलेले नाहीत’ म्हणजे काय

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल फोनवर बाबांचा आवाज चढला आणि आई, तू फोन ठेवून दिलास. म्हणून लिहिते आहे, पत्र निदान दोनदा वाचता येतं.

बाबांच्या स्वादुपिंडाच्या शेपटात जी गाठ (न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर) आहे, तिच्या सीटी स्कॅनचा तू पाठवलेला रिपोर्टचा फोटो समोर आहे. कोपऱ्यावर तुझ्या अंगठ्याची हळद लागलीय, आणि ‘लिम्फ नोड्स वाढलेले नाहीत’ या ओळीखाली बाबांनी पेन्सिलीने दोन रेघा ओढल्यात. त्यांचं म्हणणं एवढंच, की नोड्स वाढलेले नाहीत तर स्वादुपिंडाच्या शेपटाबरोबर पानथरी (प्लीहा) आणि तिथल्या ग्रंथी कशाला काढायच्या?

आई, पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं ना, ती अशीच ग्रंथी. सीटीत मुख्यतः तिचा आकार कळतो. साधारण 1 सेंटीमीटरच्या वर गेली की संशय घेतात. पण लहान दिसणाऱ्या ग्रंथीतही कॅन्सरच्या पेशी असू शकतात, आणि मोठी झालेली नुसती सुजलेलीही असते. बाबांनी रेघा ओढलेल्या ओळीत ‘पसरलेलं नाही’ असं कुठेच लिहिलेलं नाही. मलाही हे दुसऱ्यांदा विचारल्यावर समजलं.

मग आधी अंदाज बांधतात तो गाठीवरूनच: केवढी आहे, कडा कशा आहेत, स्वादुपिंडाची नळी फुगलीय का, पेशी किती वेगाने वाढताहेत. 2 सेंटीमीटरच्या आतल्या, त्रास न देणाऱ्या अशा प्रकारच्या गाठीवर पुष्कळदा नुसती नजर ठेवतात. बाबांची 2.6 आहे. पेशींच्या वाढीचा वेग सांगणारं केआय-67 हे माप 2 टक्के आलंय, 3 च्या आत म्हणजे पहिली, सगळ्यात सावकाश वाढणारी श्रेणी, आणि ते ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यातच रडले होते. पण तो आकडा सुईने काढलेल्या तुकड्याचा आहे. बाबा, तुमचं आयुष्य मार्केट यार्डात गेलं. वरची चार हळकुंडं मोडून रंग बघितलात, तरी पोत्याच्या तळाची हमी तुम्ही कधी दिलीत का?

अशा गाठी उजळवून दाखवणाऱ्या गॅलियमच्या पेट स्कॅनमध्ये बाबांच्या गाठीशिवाय दुसरं काही उजळलं नाही, हा मोठाच दिलासा. तरी अगदी बारीक काही असेल तर ते त्यातूनही सुटतं. पानथरीच्या रक्तवाहिन्या शेपटाला लागूनच जातात आणि या ग्रंथीही त्यांच्याच कडेने असतात, म्हणून सर्जन सगळं एकत्र काढणार आहेत. काढलेल्या ग्रंथी मायक्रोस्कोपखाली तपासल्या की खरं कळेल, आणि पुढे बाबांवर किती बारीक लक्ष ठेवायचं तेही त्यावर ठरेल.

आता आई, तुझं काम. पानथरी गेल्यावर काही जंतूंशी लढायची ताकद कमी होते, म्हणून न्यूमोकोकस, मेनिन्जोकोकस आणि हिबच्या लसी ऑपरेशनच्या निदान 2 आठवडे आधी व्हायला हव्यात. मंगळवारी बाबांना मिरजेला ने. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणाले तरी ऐकू नकोस.

मी शुक्रवारी कोयनेने येतेय. बाबा, तोवर ज्या ओळी पटत नाहीत त्यांच्याखाली रेघा ओढून ठेवा. रात्री जेवणं झाली की एकेक वाचू.

तुमची,
ताई