टाकीतल्या शून्याविषयी

विश्रामबाग, सांगली
रविवार

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि सोबतची छायाचित्रेही पाहिली. तुझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतले पाणी इतके नितळ आहे की मागच्या खडकावरची एकेक भेग मोजता यावी. तरीही झोअँथिड आणि लेदर कोरल या दोन्ही मऊ प्रवाळांची तब्येत बिघडलेली आहे: झोअँथिड मिटलेले आहेत, लेदर कोरलने आठ दिवसांत एकदाही फुलोरा बाहेर काढलेला नाही आणि त्याचा तपकिरी रंग जाऊन ते धुऊन विटलेल्या मांजरपाटासारखे दिसू लागले आहे. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्याच्या जवळ, म्हणजे पाण्यात दोष नाही, असे मानून तू जीएफओचे, म्हणजे फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या ऑक्साइडचे, दाणे आणखी वाढवण्याच्या विचारात आहेस. कृपा करून ते घालू नकोस आणि आधीची पिशवीही आजच बाहेर काढ. एवढे सांगायला पत्राच्या शेवटापर्यंत थांबण्याचा धीर मला नव्हता. कारण आता सावकाश सांगतो.

लेदर कोरल मधूनमधून कात टाकते, अंगावर मेणासारखा पातळ पापुद्रा धरते आणि तीन-चार दिवस मिटून बसते, हे तुला ठाऊक आहे. ते एकटेच मिटले असते तर मी तुला नुसते वाट पाहायला सांगितले असते. पण इथे सगळ्याच वसाहती एकदम फिक्या पडल्या आहेत, आणि ते उपासमारीचे लक्षण आहे. प्रवाळाच्या पेशींमध्ये राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशावर साखर तयार करून प्रवाळाला देते, परंतु त्या शैवालाला स्वतःची हरितद्रव्ये बांधायला आणि विभाजन करायला नायट्रोजन व फॉस्फरस लागतातच. तुझ्यासारखे प्रखर दिवे दहा-दहा तास चालू असताना पाण्यात ही दोन्ही द्रव्ये मुळीच नसतील, तर चूल धगधगत आहे आणि कोठीत दाणा नाही अशी गत होते. तुझ्या मामांच्या तासगावच्या द्राक्षबागेत देठ परीक्षणाचा अहवाल आला की ते नत्र कमी असल्याचे वाचून कधी आनंदले होते का, ते आठवून पाहा. प्रवाळाच्या बाबतीत मात्र आपण दोघेही शून्य पाहून पेढे वाटायला निघतो.

समुद्रातले पाणी तर फार निर्मळ असते, असे तू म्हणशील. खरे आहे, खुल्या समुद्रातल्या प्रवाळभिंतींवर नायट्रेट व फॉस्फेट अत्यल्पच मोजले जातात. पण तिथे चोवीस तास वाहत्या पाण्याबरोबर प्लवक येत असतात आणि माशांचे थवे प्रवाळांच्या अंगाखांद्यावर मलमूत्र टाकत असतात. कॅरिबियन समुद्रात ग्रंट जातीच्या माशांचे थवे दिवसा ज्या प्रवाळांवर विसावतात, ती प्रवाळे थवे नसलेल्या प्रवाळांपेक्षा वेगाने वाढतात, असे १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. म्हणजे पाण्यात मोजलेला आकडा निराळा आणि प्रवाळाच्या तोंडी पडणारा घास निराळा. तुझ्या टाकीत दोन क्लाउन आणि एक गोबी, असे तीनच मासे, तेही एक वेळ जेवणारे. तिथे समुद्राचा आकडा गाठायचा आणि समुद्राचा घास द्यायचा नाही, हा व्यवहार प्रवाळाला परवडत नाही.

आणखी एक बारकावा आहे. दोन्ही द्रव्ये थोडी असणे जितके वाईट, त्याहून एक भरपूर आणि दुसरे शून्य असणे अनेकदा अधिक वाईट ठरते. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले की नायट्रोजन वाढलेला असताना फॉस्फेटची टंचाई झाली, तर आतल्या शैवालाच्या पेशींची पटले दुबळी पडतात आणि उष्णता व प्रकाश सोसण्याची प्रवाळाची ताकद घटते. म्हणून मी हल्ली नुसते नायट्रेट मोजून समाधान मानत नाही. माझ्या टाकीत नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पीपीएम यांच्या दरम्यान असले की मी हात लावत नाही. मऊ प्रवाळे याच्या वरही खुशाल राहतात. त्रास होतो तो काचेवरच्या आणि खडकांवरच्या शेवाळाचा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. तीन वर्षांपूर्वी माझे फॉस्फेट ०.१५ झाले होते, तेव्हा मी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या दुप्पट जीएफओ भरले आणि पाचव्या दिवशी ०.०० पाहून हिला स्वयंपाकघरातून हाक मारून यंत्र दाखवले. पुढच्याच आठवड्यात वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे तंतू दिसू लागले. प्रत्येक तंतूच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकलेला असे. रात्री दिवे मालवले की सारे गायब, आणि सकाळी अकरापर्यंत पुन्हा जाळे विणलेले. मी ते साधे शेवाळ समजून आणखी जोराने पाणी बदलत राहिलो, म्हणजे उपाशी माणसाला जुलाबाचे औषध देत राहिलो. गोगलगाई एकामागून एक काचेवरून गळून पडल्या, तेव्हा कुठे एका महाविद्यालयातल्या स्नेह्याकडे जाऊन मी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तिळासारखे असंख्य दाणे आपल्या टोकाशी खिळल्यागत जागच्या जागी गोल फिरत होते: ऑस्ट्रिओप्सिस नावाचे डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव. इतर शेवाळे आणि जिवाणू उपासाने मेले, की रिकाम्या झालेल्या जागेवर हे येऊन बसतात. तीन दिवस टाकीवर काळी चादर, रात्री अतिनील दिवा, फेसावाटे घाण काढणारा स्किमर दिवसातून निम्मा वेळ बंद आणि माशांना दुप्पट जेवण, असे करता करता टाकी पूर्वपदावर यायला तीन महिने लागले. जांभळ्या झोअँथिडची एक वसाहत मात्र गेली ती गेलीच.

आता तुझ्या आकड्यांकडे येतो. फॉस्फेट '४' असे तू लिहितोस, ते बहुधा फॉस्फरसचे पीपीबी (अब्ज भागांतले भाग) आहे, कारण तुझे छोटे यंत्र त्याच एककात दाखवते. त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलेस की फॉस्फेट मिळते, म्हणजे सुमारे ०.०१२ पीपीएम. पण एवढा लहान आकडा यंत्राच्या चुकीच्या मर्यादेतच येतो. तो शून्यही असू शकतो. काचेच्या बाटलीवर बोटाचा ठसा किंवा आत एखादा बुडबुडा राहिला तरी तो बदलतो, म्हणून सुती कापडाने पुसून सलग दोनदा मोजत जा. नायट्रेटच्या चाचणीचा रंग मात्र ट्यूबलाइटखाली न जुळवता सकाळी खिडकीपाशी उभा राहून जुळव.

मे महिन्यात तुझे नायट्रेट ४० आणि फॉस्फेट ०.४ होते, हे मी विसरलेलो नाही. त्या धास्तीनेच तू नायट्रेट खाणारे जिवाणू पोसायला व्हिनेगर, जीएफओ आणि संपमधले (टाकीखालच्या गाळणटाकीतले) समुद्री शेवाळ हे तिन्ही उपाय एकाच पंधरवड्यात सुरू केलेस. माझी खरी तक्रार इथे आहे. घाण कुठून येते ते न शोधता तू बाहेर काढण्याची यंत्रणा वाढवत गेलास. कास तलावाचे पाणी गोड आहे, शिवाय स्वयंपाकघरातल्या शुद्धीकरण यंत्रातून घेतो, असे तू म्हणतोस. पण त्या यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते आणि तुझ्या यंत्राला तो खटका आहे, हे मी दिवाळीत पाहिले होते. विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ३५ दिसले म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, कारण फॉस्फेटचा ०.१ त्या मीटरच्या खिजगणतीतही येत नाही. टाकीतून रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जाते, त्यातले क्षार व खते मागे राहतात आणि वरून घातलेले प्रत्येक लिटर त्यात भर घालते. आमच्या बोअरच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. भोवतालच्या उसाला घातलेल्या युरियाचा हिशेब त्यात लागतो. म्हणून मी निराळा आरओ बसवून पुढे उरलेसुरले क्षार धरणाऱ्या रेझिनची (डीआय) नळी जोडली आहे आणि मीटरने ० सोडून १ दाखवले की त्याच दिवशी रेझिन बदलतो. तेवढा खर्च तू कर. दुसरे म्हणजे माशांच्या खाद्याचे गोठवलेले आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) आधी गाळणीत वितळवून ते पाणी बेसिनमध्ये सोडून दे. त्या पाण्यातही थोडे फॉस्फेट असते.

ज्यांच्याकडून तू जुने खडक विकत घेतलेस, त्यांची टाकी वर्षानुवर्षे फॉस्फेटने भरलेली होती, असे तूच सांगितले होतेस. असा खडक फॉस्फेट शोषून धरतो आणि पाण्यातले कमी झाले की हळूहळू परत सोडतो. जीएफओ काढल्यावर आकडा आपोआप थोडा वर येईल, तेव्हा घाबरून पुन्हा दाणे भरू नकोस. ०.१० ओलांडले तरच पाकिटावरच्या मापाच्या पावपट घाल, आणि व्हिनेगर रोज थोडे थोडे कमी करत दोन आठवड्यांत बंद कर. एकदम थांबवलेस तर त्यावर पोसलेले जिवाणू मरून पाणी गढूळ होईल.

नायट्रेट वाढवण्याचा पहिला मार्ग म्हणजे माशांना दिवसातून दोनदा खायला घालणे. आठवड्याने तरीही शून्यच आले तर प्रयोगशाळेच्या प्रतीचे सोडियम नायट्रेट वापर. खडक वजा जाता तुझ्या टाकीत अडीचशे लिटर पाणी धरले, तर १ पीपीएम वाढवायला ०.३४ ग्रॅम पुरे. दिवसाकाठी त्याहून अधिक नको. पहिले काही दिवस ते दुसऱ्या सकाळी नाहीसे झालेले दिसेल, कारण भुकेली टाकी ते गिळून टाकते. मामांच्या गोदामातले १३:००:४५ खत तू मनात आणले असशील, मी तुला ओळखतो. ते पोटॅशियम नायट्रेटच आहे, पण शेतीच्या प्रतीच्या खतात त्याखेरीज आणखी काय काय आहे ते पिशवीवर छापलेले नसते.

मीटरपेक्षा मी समोरच्या काचेवर जास्त भिस्त ठेवतो. काच स्वच्छ पुसून तारीख लिहून ठेवायची. दुसऱ्याच दिवशी हिरवी झाली तर खाणे जास्त होते आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोट फिरवल्यावर हलकी धूळ जाणवली तर ठीक. आठवड्यानेही काच कोरी करकरीत राहिली तर समजावे की टाकी उपाशी आहे. तुझी काच दहा दिवस पुसावी लागलेली नाही, हे तू पत्रात अभिमानाने लिहिले आहेस.

तू दगडी प्रवाळांबद्दल विचारले आहेस, त्याला माझे उत्तर नकार हेच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती २००१ सालापासून आहेत, वाघाच्या पंक्तीला. कोणी कितीही गोड बोलून देऊ केली तरी घेऊ नकोस. पाहायची तर मालवणला पाण्यात उतरून पाहू.

पुढच्या रविवारी सकाळी माशांना खायला घालण्यापूर्वी नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही मोजून, एककासह, मला कळव, आणि लेदर कोरलचे छायाचित्र निळे दिवे बंद करून पांढऱ्या प्रकाशात काढ. निळ्या प्रकाशात सगळीच प्रवाळे टवटवीत दिसतात. वहिनींना नमस्कार सांग, आणि शुद्धीकरण यंत्राच्या खटक्याला त्यांना न विचारता हात लावू नकोस; त्या पाण्याचा चहा त्यांना करायचा असतो.

तुझा,
मुकुंद

ता. क. जीएफओची पिशवी काढलीस की नाही, तेवढे मात्र आजच फोनवर सांग.