यवतेश्वरच्या घाटातल्या अनोळखी माणसांना मनापासून धन्यवाद

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे 21 किमी पूर्ण झाले! 2012 पासून होणाऱ्या या शर्यतीत आधी चढ, मग तोच उतार. बोगदा मागे पडला की यवतेश्वरचा घाट भल्याभल्यांचा दम काढतो. मी तो पार केला तो तुमच्या जिवावर. नावं ठाऊक नाहीत, म्हणून आभार राहून जायला नकोत.

उतरताना पोटरीत असा गोळा आला की पाऊल टेकवेना. रेनकोट घातलेले एक काका धावत आले. मला कठड्यावर बसवलं, माझा चिखलाचा बूट स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पायाची बोटं नडगीकडे दाबून धरली. गोळा सुटेपर्यंत सोडली नाहीत. मग मीठ लावलेली लिंबाची फोड हातात दिली. म्हणाले, “उठा आता, बसला तर पाय धरंल.” इतकी माया सख्खी माणसंच करतात.

पावसात भिजत पाण्याचे ग्लास पुढे करणारी शाळकरी मुलं, ताशेवाले, वळणावळणावरचे पोलीस, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आणि त्या काकांना कुणी ओळखत असेल तर एवढा निरोप नक्की द्या: पाय आता एकदम ठणठणीत आहे.