रेझांग लावरच्या ‘मेडिकल ऑर्डरली’ला नाव होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१८ नोव्हेंबरच्या अंकातला रेझांग लावरचा, म्हणजे १९६२च्या भारत-चीन युद्धात लडाखमधल्या त्या खिंडीत झालेल्या लढाईवरचा लेख आवडला. मेजर शैतानसिंग, १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी, मधल्या डोंगरामुळे न मिळालेला तोफखान्याचा आधार, जुन्या पॉइंट थ्री नॉट थ्री रायफली, सगळे आले. शेवटी एका ओळीत हेही आले की एका मेडिकल ऑर्डरलीच्या हातात मरतानाही इंजेक्शनची सिरिंज होती. त्याचे नाव मात्र नव्हते. यात आपल्या लेखकाचा एकट्याचा दोष नाही. दरवर्षी मी हे लेख वाचतो आणि बहुतेक ठिकाणी तो असाच येतो, बिननावाचा.

त्याचे नाव धर्मपाल दहिया. शिपाई, नर्सिंग असिस्टंट, आर्मी मेडिकल कोअर. मरणोत्तर वीरचक्र.

मी स्वतः नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालो, म्हणून हे जरा लागते. आमची नोकरी ‘अटॅचमेंट’ची. भरती एका कोअरमध्ये, राहणे दुसऱ्याच्या पलटणीत. पलटणीचा डॉक्टर मागे असतो, पुढच्या कंपनीसोबत आमच्यातला एखादाच. जवान त्यालाच ‘डॉक्टरसाब’ म्हणतात. पाय मुरगळला, ताप आला, घरून वाईट पत्र आले, तरी त्याच्याकडेच. पण पुढे इतिहास लिहिला जातो तो पलटणीचा. चार्ली कंपनी अहिर समाजाच्या जवानांची, त्यांच्या गावांनी त्यांची आठवण फार मायेने जपली आहे, आणि ते योग्यच. अटॅचमेंटवर आलेला माणूस मात्र अशा वेळी दोन्हीकडच्या यादीतून निसटतो.

सोळा हजार फुटांवर इंजेक्शन देणे म्हणजे काय, हे लेखात येत नाही, म्हणून सांगतो. तिथे औषध काचेतच गोठते. मी अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) काखेत धरून ठेवायचो, कधी बनियनच्या आत. हातमोजे घालून सुई धरता येत नाही, काढले तर बोटे काही मिनिटांत बधिर होतात, शीर सापडत नाही. हे मी शांततेच्या काळात केले, बुखारी (शेगडी) पेटलेल्या बंकरमध्ये, वर कोणी गोळ्या झाडत नसताना. १९६२च्या त्या पहाटे सुमारे सव्वाशे जवान होते आणि त्यांतले शंभराहून अधिक गेले. एका बॅगेत किती बँडेज मावतात, याचा हिशेब मी अनेकदा मनात केला आहे. तो जुळत नाही.

जिनिव्हा करारानुसार वैद्यकीय सेवकावर जाणूनबुजून गोळी झाडायची नसते. पण खंदकात उखळी तोफेचा गोळा पडतो तेव्हा तो दंडावरची पट्टी बघून पडत नाही.

१९६३च्या फेब्रुवारीत एका मेंढपाळाला ते मृतदेह दिसले. तीन महिने बर्फात, जागच्या जागी. कोणाच्या हातात रायफल, कोणाच्या हातात ग्रेनेड. दहियांच्या हातात सिरिंज आणि बँडेज. म्हणजे शेवटच्या क्षणीही ते कोणाच्या तरी जखमेवर काम करत होते. तो जखमी कोण, हे मला नेहमी जाणून घ्यावेसे वाटते. कोणाचे तरी नाव घेऊन ‘हिलू नको रे’ असे ते म्हणत असतील. (आम्ही सगळे हेच म्हणतो. जखमी कधी ऐकत नाही.)

माझी विनंती साधी आहे. पुण्यात एएफएमसी (सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय) आहे, आमच्या सातारा-कोल्हापूर भागातून आजही मुले मेडिकल कोअरमध्ये भरती होतात, त्यांच्या घरी आपले वर्तमानपत्र जाते. पुढच्या वर्षीच्या लेखात ‘एक मेडिकल ऑर्डरली’ असे छापू नये. जागा कमी पडली तर माझे हे पत्र गाळा, पण तेवढे दोन शब्द ठेवा: धर्मपाल दहिया.

आपला,
एक निवृत्त हवालदार (नर्सिंग असिस्टंट),
जि. सातारा