आम्ही त्याला औषध म्हणतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिंडोरी रोडला माझं कृषी सेवा केंद्र आहे, बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक सगळं म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव आणि पुढे दिंडोरीकडच्या गावांचं, बहुतेक द्राक्ष आणि टोमॅटोवाले. मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या भागातल्या एका बागायतदाराच्या आत्महत्येची बातमी आली, मथळ्यातच कर्जाला कंटाळून असं लिहिलेलं आणि खाली त्यानं कुठलं औषध घेतलं त्याचं नाव, कुठे बसून घेतलं तेसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुकानात तीन जणांनी मला त्याच औषधाचं नाव घेऊन विचारलं, एवढं जहाल असतं का हो ते. त्यातला एक अकरावीतला पोरगा होता, वडिलांनी विद्राव्य खताची पिशवी आणायला पाठवलेला. मी त्याला काय उत्तर देणार होतो? त्याच दिवशी ठरवलं की तुम्हाला लिहायचं.

आमच्याकडे कीटकनाशकाला विष कोणी म्हणत नाही, औषधच म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं आणि औषध घेतलं. हे शेवटचं वाक्य फोनवर ऐकलं की अंगावर काटा येतो, कारण बाटली कुठून गेली असेल हा प्रश्न आम्हा दुकानदारांच्या मनात सगळ्यात आधी येतो. चार वर्षांपूर्वी एक बाटली माझ्या दुकानातून गेली होती. जुन्या गिऱ्हाईकाचा मुलगा, तिशीतला, उधारीच्या वहीत वडिलांच्या नावाखाली त्याचं वेगळं पान होतं. संध्याकाळची वेळ, दुकानात गर्दी, मी पावती केली, बॅच नंबर टाकला आणि त्याला फक्त एवढंच विचारलं की मागची बाकी कधी देतोस. तो म्हणाला, देतो काका, सगळं क्लिअर करतो. तिसऱ्या दिवशी पोलीस तीच पावती घेऊन आले, अक्षर माझं होतं. माझं लायसन नीट, पावती नीट, माझ्यावर काही आलं नाही, येण्यासारखं पण नव्हतं असं सगळे म्हणाले. पण मी त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य बाकीचं होतं हे मला आजपण झोपू देत नाही. वहीतलं ते पान मी अजून फाडलेलं नाही.

आमचं लायसन टिकवायला एक वर्षाचा डिप्लोमा करावा लागला तेव्हा आम्हाला कीड शिकवली, रोग शिकवले, डोस शिकवला, कायदा शिकवला. समोरचा माणूस कसा ओळखायचा हे आमच्या बॅचला कोणी शिकवलं नाही. अख्ख्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या हातात बाटली देणारा शेवटचा माणूस आम्ही असतो, डॉक्टरच्या, तलाठ्याच्या, सरपंचाच्या आधी तो आमच्यासमोर उभा असतो, मग एक दिवस आम्हाला पण काहीतरी शिकवा ना.

त्यानंतर मी माझं मीच थोडं शिकलो, वाचून, डॉक्टर लोकांना विचारून. आणि गेल्या वर्षी मार्चअखेरीला एकजण आला. दुपारची वेळ, उन्हात रोड मोकळा. त्याचा माल निघून गेलेला, बाग विश्रांतीवर, खरड छाटणी व्हायची होती, म्हणजे वेलीवर फवारायला त्या वेळी काहीच नाही हे मला पण माहीत आणि त्याला पण. तरी त्याला एक विशिष्ट बाटली पाहिजे होती, लहान नाही, मोठी. एरवी हा माणूस दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा, त्या दिवशी भाव पण विचारला नाही. काउंटरच्या काचेखाली मी एक जुनं कॅलेंडर ठेवलंय, तो काचेवरून त्यातल्या एकाच तारखेवर अंगठा घासत होता, सारखा, जसं काही ती तारीख पुसायची आहे. खिशात फोन वाजत होता तो उचलत नव्हता. मी म्हटलं बस, चहा मागवतो. नको म्हणाला पण बसला. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि सरळ विचारलं, भाऊ, जीव द्यायचा विचार येतोय का मनात?

हा प्रश्न विचारताना माझे हात थरथरत होते. आपल्याला वाटतं असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. पण जगभरच्या डॉक्टरांचं म्हणणं नेमकं उलटं आहे, विचारल्यानं विचार येत नाही, असलेला विचार बाहेर पडायला वाट मिळते. तो काही बोलला नाही, चहाचा कप हातात तसाच धरून रडायला लागला, पुरुष माणूस असा आवाज काढून रडतो हे मी माझ्या वडिलांच्या दहाव्याला बघितलं होतं त्यानंतर तेव्हाच. मग निघालं सगळं. व्यापारी माल उचलून गेला आणि पैसे न देता गायब झाला. पण नुसतं तेवढं नव्हतं. दोन महिने रात्री तीनला जाग यायची ती परत झोप नाही, घरात भांडण, बायको माहेरी गेलेली, दारू वाढलेली, आणि धाकट्या भावाशी बोलणं बंद. मी एकच काम केलं, त्याला एकटं सोडलं नाही. त्याच्या मेव्हण्याला फोन केला, ते तासाभरात ओझरहून आले, त्यांनी घरची औषधांची खोली रिकामी केली, सगळा साठा भावकीतल्या एकाच्या घरी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला गेलो, केसपेपर काढला, मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवलं.

गोळ्या सुरू झाल्यावर आठ दिवसांत त्याचा फोन आला, काका काही फरक नाही, बंद करतो. इथे पुष्कळ जण सोडून देतात. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात आणि मनानं बंद करायच्या नाहीत. नळीला पाणी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी घड दिसतो का, एवढंच मी त्याला म्हटलं. पाचव्या आठवड्यात म्हणाला, काल पहाटे कोंबडा आरवेपर्यंत झोपलो. व्यापाऱ्याचे पैसे अजून आलेले नाहीत बरं का. पण माणूस आहे.

मथळ्यांवर माझा राग आहे तो यामुळेच. देशभरातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबी या सरकारी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदलेल्या आहेत, त्यातल्या सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. कारणांच्या तक्त्यात कौटुंबिक अडचणी ३१.७ टक्के आणि आजारपण १८.४ टक्के. आणि मरणारे सगळे शेतकरी पण नाहीत, जवळजवळ २६ टक्के रोजंदारीवरची माणसं आहेत, म्हणजे आमच्या बागेत छाटणीला येणारे, अंबड-सातपूरच्या नाक्यावर सकाळी उभे असणारे. शेतकऱ्याचं कर्ज, पडलेला भाव, गारपीट, हे खरं नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणेन, माझीच उधारीची वही बघा. पण कर्ज असलेले शंभर असतात, त्यातला एक त्या टोकाला जातो, त्याच्या बाबतीत कर्जाशिवाय अजून चार गोष्टी चालू असतात आणि त्यातल्या दोन-तीन उपचारानं, माणसं मध्ये पडल्यानं सुधारतात. पेपरनं नुसतं कर्जाला कंटाळून लिहिलं की कर्ज असलेल्या बाकीच्यांना काय संदेश जातो? की बाबा, यावर एवढाच उपाय आहे. भारतीय प्रेस कौन्सिलनं २०१९ सालीच सांगून ठेवलंय की आत्महत्येची बातमी ठळक करून, सारखी सारखी देऊ नये, पद्धत सांगू नये, जागा सांगू नये, सनसनाटी मथळा देऊ नये.

आता एक गोष्ट जी घराघरात माहीत पाहिजे आणि नाही. औषध घेतलेल्या माणसाला दवाखान्यात आणल्यावर घरचे खोटं बोलतात. चुकून पोटात गेलं, फवारताना बाधा झाली, असं सांगतात, कारण पोलीस केसची भीती. त्यात नेमकं काय आणि कधी घेतलं हे डॉक्टरला कळत नाही आणि हातातली वेळ जाते. तर ऐका, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. म्हणून डॉक्टरला खरं सांगा, बाटली सोबत घेऊन जा, अर्धा तास पण घरगुती उपायात घालवू नका.

घरात दुसरी भीती असते ती डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं हे गावात कळलं तर पोरीचं लग्न कसं जमणार. माझ्या ओळखीच्या एका घरानं सहा महिने बाहेरचं आहे म्हणून पोरीला तीन ठिकाणी फिरवलं, कोंबडे कापले, लिंबू उतरवले. तिला सिव्हिलला घेऊन गेली ती आशा ताई. देवाला नमस्कार करायला माझी ना नाही, मी दर सोमवारी कपालेश्वराला जातो. पण डायबेटिस झाला की गोळी घेतो ना आपण, मग याच्यातच लाज का?

एक गोष्ट धंद्याच्या विरोधात लिहितोय, असोसिएशनमधले मित्र रागावतील. औषधं कपाटात कुलूप लावून ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो, माझ्या दुकानात बोर्ड पण आहे, पण नुसत्या कुलपावर भागत नाही. श्रीलंकेत १८० गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन मोठा अभ्यास झाला, २०१७ साली त्याचा निकाल छापून आला, पेट्यांनी विषप्राशन कमी झालं नाही. किल्ली घरातच असते, कमी कशानं होणार! त्यांच्याकडे फरक पडला तो सगळ्यात जहाल औषधं टप्प्याटप्प्यानं बाजारातूनच काढल्यानं. १९९५ च्या सुमारास तिथलं आत्महत्येचं प्रमाण जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी होतं, पुढच्या वीस वर्षांत ते सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं, आणि पिकांचं उत्पादन काही कोसळलं नाही. तिथे प्रयत्न करणारी माणसं संपली नाहीत, पण त्यातली पुष्कळ वाचली, आणि एकदा वाचलेली बहुतेक माणसं पुढे आपल्या हातानं मरत नाहीत. ती वेळ निघून जाते. माझ्या काउंटरवर ती वेळ एका कप चहात निघून जाताना मी बघितली आहे. आपल्याकडे २०१८ साली १८ कीटकनाशकांवर बंदी आली, २०२० ला आणखी २७ वर बंदीचा मसुदा निघाला, पण त्यातल्या थोड्यांवरच खरी बंदी आली, बाकी बरीचशी आजही दुकानात मिळतात. पर्याय असलेली जहाल औषधं बंद करा, माझा गल्ला कमी झाला तरी चालेल, हे मी नाशिकच्या बाजारात बसून लिहितोय.

माणूस गेल्यावर सरकार येतं, तहसीलदाराची चौकशी, पात्र की अपात्र, पात्र ठरला तर घरच्यांना एक लाख रुपये. तो असताना कोणी यायला पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, तसं आपल्या जिल्ह्यात पण द्राक्षाच्या सीझननंतर, मार्च ते मे या काळात काहीतरी करा, कारण पैसे बुडाल्याचं तेव्हाच कळतं. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, माझ्या दुकानापासून फार लांब नाही. एका दिवसाचं ट्रेनिंग ठेवा, तालुक्यातले सगळे दुकानदार मी गोळा करून आणतो, चहा-नाश्ता माझ्याकडून. कुंभमेळ्याच्या तयारीत सगळी यंत्रणा अडकली आहे हे समजतं मला, पण हे काम एका दिवसाचंच आहे.

आणि तुमच्याकडे मागणी एवढीच. अशी बातमी पुन्हा द्यावी लागली तर औषधाचं नाव आणि जागा छापू नका, आणि खाली टेलिमानसचा नंबर द्या. मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलण्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी सेवा आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी रात्री अकराला स्वतः लावून बघितला, त्या पावतीबद्दल मला कोणाशी तरी बोलायचं होतं. पलीकडच्या बाई वीस मिनिटं ऐकत होत्या, घाई केली नाही. नंबर जरा मोठ्या अक्षरात छापा, आमच्या दुकानात पेपर वाचणाऱ्या अर्ध्या लोकांचा चष्मा घरी असतो.

आपला,
एक कृषी सेवा केंद्र चालक,
दिंडोरी रोड, नाशिक
(नाव छापू नये, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या घरच्यांना त्रास नको.)