वल्हांडणाच्या लेखाला पावाचा फोटो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ज्यू-ख्रिश्चनांच्या एकत्र जेवणावरचा लेख वाचला. कालच लिहिणार होते, म्हटलं डोकं जरा शांत होऊ दे, ते काही झालं नाही. वल्हांडण म्हणजे आम्हा ज्यूंचा मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण, त्याच्या मजकुराशेजारी तुम्ही टम्म फुगलेला पाव छापलाय! अहो, त्या आठ दिवसांत आम्हा बेने इस्रायलींच्या, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंच्या घरात खमिराचा कण चालत नाही. एकादशीच्या लेखाला मटणाचा रस्सा लावाल का?

मलिद्याला, म्हणजे आमच्या शुभप्रसंगीच्या आभाराच्या ताटाला, तर लेखकमहाशय ‘ज्यूंचा प्रसाद’ म्हणून मोकळे झाले, पुढे थेट रेसिपी. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, फळं, सगळं बरोबर. पण ताट मध्ये ठेवून सगळे भोवती बसतात, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं गाणं म्हणतात, झाडाच्या फळाची ब्राखा (खाण्याआधी देवाचे आभार मानणारी प्रार्थना) वेगळी, जमिनीतल्याची वेगळी आणि तोवर ताटाला हात लावायचा नाही, हे कुठंय? आमची आजी चापट मारायची.

परवा मावसभावाच्या नव्या घराचा मलिदा होता. केटररने दारातच बॉक्स वाटले, का तर नंतर गर्दी होते म्हणे. गाणं सुरू झालं तेव्हा निम्मे लोक पार्किंगमधून गाड्या काढत होते आणि आम्ही सात-आठ म्हातारी माणसं मांडीवर बॉक्स घेऊन, एसटीत बसल्यासारखी. तीन जण एकत्र जेवले की जेवणानंतरच्या प्रार्थनेला एकाने बाकीच्यांना बोलवायचं अशी आमच्यात रीत आहे, आता पार्किंगमध्ये कोण हाका मारत बसणार?

शेजारच्या ख्रिश्चन ताईंना सांगितलं तर त्या हसल्या, म्हणे ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिश्चनांच्या मंडळीतही हेच, पैसेवाले आधी जेवून घ्यायचे, गरीब उपाशी, आणि याला म्हणायचं प्रभुभोजन! प्रेषित पौलाने बायबलमधल्या पत्रातून झापलं, एकमेकांसाठी थांबा म्हणून. तुमच्या लेखात करिंथ नाही, येशूचं ‘शेवटचं भोजन’ तेवढं आहे, तेही वल्हांडणाचंच होतं असं ठोकून दिलंय, योहानाच्या शुभवर्तमानात ते वल्हांडणाच्या आदल्या दिवशीचं आहे हे ताईंनीच दाखवलं. असो.

फोटोची दुरुस्ती छापाल तेव्हा पहिल्या पानावर नको, तिथे हल्ली जाहिरातच असते, बातमी शोधायला तिसरं पान उलटावं लागतं.

एक बेने इस्रायली वाचक, ठाणे