आधी हे दहा पुरे कर

पुणे, दिवाळीच्या तोंडावर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. वॉरहॅमर ४०,००० च्या खेळासाठी रंगवायचे तुझे दहा इंटरसेसर, म्हणजे चिलखती मरीन जवानांच्या छोट्या मूर्ती, आपल्या मिनी, निळ्या रंगाची डबी, दोन ब्रश आणि तुझ्या खिडकीतला तो मळभाचा उजेड. खाली तुझा प्रश्न : आता ड्रेडनॉट, म्हणजे ते चालतं लढाऊ यंत्र, घेऊ की रणगाडा? दोन्ही घेऊ नकोस. हे दहा जण पायाखालच्या बेसपासून वार्निशपर्यंत पुरे होऊन क्लबच्या टेबलावर उभे राहीपर्यंत एकही नवा खोका उघडू नकोस.

यात काटकसर आहेच, पण मुख्य कारण वेगळं आहे. आपल्याला कोणतं युनिट हवं ते दुकानात कळत नाही, तीन-चार डाव खेळल्यावर कळतं. शिवाय नियम बदलत राहतात. वॉरहॅमर ४०,००० ची आठवी आवृत्ती २०१७ मध्ये आली, नववी २०२० मध्ये, दहावी २०२३ मध्ये, आणि पॉइंट्स, म्हणजे प्रत्येक युनिटची सैन्यातली किंमत, तर मधल्या काळातही वरखाली होतात. आज ज्याची चलती आहे म्हणून घेशील, ते रंगवून होईपर्यंत त्याचे पॉइंट्स वाढलेले असतील. क्लबात आधी एवढंच विचार : सध्या कोणती आवृत्ती खेळता, किती पॉइंटांचे डाव लावता, आणि नवख्याला एवढ्या मिनींवर खेळायला घ्याल का. दहाव्या आवृत्तीत १०० पैकी १० गुण नुसते आर्मी रंगवलेली असल्याचे मिळतात. सगळ्या भागांना मूळ रंग आणि बेस पुरा, एवढंच त्यासाठी लागतं. तुझे दहा तिथे सहज पोचतील.

गाव तर तुला अगदी योग्य मिळालंय. गेम्स वर्कशॉप १९७५ मध्ये लंडनला सुरू झाली, पण आज तिचं मुख्यालय नॉटिंगहॅमच्या लेंटन भागात आहे आणि वॉरहॅमर वर्ल्ड हे तिचं प्रदर्शन-केंद्रही तिथेच. वॉरलॉर्ड, मँटिक, पेरी हे मिनी बनवणारेही त्याच शहरातले. मिनी शिशाच्या ओतत त्या दिवसांवरून त्या भागाला ‘लेड बेल्ट’ म्हणतात. वॉरहॅमर वर्ल्डमधले देखावे सावकाश बघून ये. फक्त तिथल्या कामाशी आपलं ताडून पाहू नकोस. काचेमागची मिनी वीतभर अंतरावरून बघण्यासाठी रंगवलेली असते, आपली तीन फुटांवरून.

आता तुझ्या फोटोकडे वळते. मोठा करून पाहिला. डावीकडून तिसऱ्याच्या हेल्मेटवर आणि गुडघ्यावर बारीक रेघ आहे. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे ती उमटते. प्लास्टिकवर ती दिसत नाही, रंग चढला की उठून दिसते. कटरच्या पात्याची बोथट बाजू उभी धरून हलक्या हाताने खरवड, धारेची बाजू टेकवू नकोस. स्प्रूमधून, म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीतून, भाग काढताना पहिला काप दोन मिलिमीटर लांबून घे, दुसरा अंगालगत. पहिल्याच कापाला अंगालगत गेलीस की प्लास्टिक ताणून पांढरं पडतं आणि खड्डा राहतो.

डिंकाचं म्हणशील तर प्लास्टिक सिमेंट प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं, म्हणून ते रेझिनवर किंवा धातूवर चालत नाही. तिथे सुपरग्लू. आणि रंगाच्या थरावर सिमेंट धरत नाही. छातीवरचा गरुड रंगवायला हात आणि बंदूक वेगळी ठेवली असशील, तर जोडण्याआधी दोन्ही तोंडांवरचा रंग खरवडून काढ.

प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, स्प्रे मात्र वसतिगृहाच्या खोलीत अजिबात नको, त्याची वाफ छातीत जाते. आणि बाहेर, तिथल्या नोव्हेंबरात, हवा गार आणि ओली असते. अशा हवेत मारलेला प्रायमर दाणेदार बसतो, सँडपेपरसारखा. आपल्याकडे जुलैत हेच होतं. कोरडा दिवस मिळाला तर कॅन खोलीतल्या उबेत ठेवून, दोन मिनिटं हलवून, २५ ते ३० सेंटिमीटरवरून छोटे छोटे फटकारे मार. फार लांबून मारला तर रंग वाटेतच सुकतो, फार जवळून मारला तर बारीक कोरीवकाम बुजतं. तुझ्यासाठी ब्रशने लावायचा प्रायमर बरा. व्हॅलेहो कंपनीचा करडा घे, दोन पातळ हात दे आणि चोवीस तास त्याला बोट लावू नकोस. तो पोटभर सुकला नाही तर नखाने सालीसारखा निघतो. करड्यावर खाचाखोचा नीट दिसतात, काळ्यावर शोधाव्या लागतात.

मॅक्रेज ब्लू हा निळा रंग थेट डबीतून लावलास, हे दुसऱ्या मिनीच्या मांडीवर दिसतंय. ब्रशचे ओरखडे उमटलेत. रंग आधी पॅलेटवर घ्यायचा. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, झाली वेट पॅलेट. मेणकागद नको, त्यातून पाणी वर येत नाही. रंग साय काढलेल्या दुधाइतका पातळ कर आणि दोन हात दे. पहिला हात डागाळलेला दिसेल, तो तसाच दिसायचा. तिथेच घाबरून जाड थर देऊ नकोस. पंधरा मिनिटं थांब, मग दुसरा. पाच-पाचच्या दोन रांगा लावल्यास तर पाचवा होईतो पहिला सुकलेला असतो.

ब्रश एक नंबरचा घे, टोक चांगलं असलेला. शून्य-शून्य नंबरचा बारीक ब्रश घ्यायचा मोह होतो, पण त्यात रंग मावत नाही आणि मिनीपर्यंत पोचायच्या आत टोकाशी सुकतो. केसांच्या अर्ध्यावर रंग चढू देऊ नकोस आणि ब्रश पाण्यात टोकावर उभा ठेवू नकोस. बंदुकीच्या चंदेरी लेडबेल्चरसाठी पाण्याचा पेला वेगळा. नाहीतर चांदीचे कण निळ्या चिलखतावर चमकत राहतात.

नलन ऑइल, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ काळा रंग, बंदुकीवर सगळीकडे फिरव. चिलखतावर मात्र फक्त सांध्यांच्या खाचांत सोड. सपाट भागावर ओतलंस की काठाकाठाने सुकून डागाची कड उमटते. थेंब साचलेला दिसला तर ओलसर ब्रशने लगेच टिपून घे, आणि अर्धवट सुकल्यावर अजिबात हात लावू नकोस. अर्ध्या तासाने कडांवर फिकट निळा कॅल्गर ब्लू, ब्रशच्या टोकाने नव्हे तर कुशीने, पेन्सिलची बाजू घासावी तसा. त्याहून फिकट फेनरिसियन ग्रे फक्त कोपऱ्यांवर. पहिला मिनी फारच बिघडला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून जुन्या टूथब्रशने घास. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव, विस्तव जवळ नको. अॅसिटोन कधीच नको, त्यात प्लास्टिकच विरघळतं.

सगळ्यात जास्त वेळ खांद्याला दे. अल्ट्रामरीन हा तुझ्या निळ्या मरीनांचा पंथ, त्यांच्या डाव्या खांद्यावर पंथाचं चिन्ह, उजव्यावर पथकाचं, आणि कडेची पट्टी कंपनीप्रमाणे. तू सोनेरी पट्टी घेतली आहेस म्हणजे तुझे जवान दुसऱ्या कंपनीचे झाले. चिन्हाची ट्रान्सफर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र, सपाट असते आणि खांदा दोन्ही दिशांना गोल, म्हणून ती चुणी घेते. दुसरा दोष चंदेरीपणा. मॅट रंगाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. ट्रान्सफरच्या खाली त्यात हवा अडकते आणि तिरक्या उजेडात चिन्हाभोवतीची पारदर्शक फिल्म चमकते. दोन्हींवर उपाय आहे. आधी तेवढ्या जागेवर ग्लॉस वार्निशचे दोन पातळ हात दे आणि पूर्ण सुकू दे. ट्रान्सफर चिन्हाच्या जितकी लगत कापता येईल तितकी काप. चिन्हाला धक्का न लावता कडेच्या फिल्मला दोन-तीन बारीक चिरा दे. ती अर्धा-एक मिनिट पाण्यात ठेव. खांद्यावर मायक्रो सेट या ट्रान्सफर बसवायच्या द्रावाचा थेंब टाकून त्यावर ट्रान्सफर सरकव, बोटाने नव्हे, ओल्या ब्रशने. जागेवर आली की टिश्यूच्या टोकाने पाणी टीप. मग वरून मायक्रो सोल हा दुसरा द्राव. त्याने फिल्म मऊ पडते, आणि क्षणभर अशी सुरकुतते की सगळं वाया गेलं असं वाटेल. त्या वेळी हात लावू नकोस, लावलास तर फाटेल. सुकताना ती आपोआप गोलाईवर बसते. सुरकुती राहिलीच तर मायक्रो सोलचा दुसरा हात. शेवटी मॅट वार्निश, तोही ब्रशने. स्प्रेचा मॅट दमट हवेत पांढरट पडतो. तसं झालं तर त्यावर ग्लॉसचा हात दिल्यावर बहुतेक वेळा रंग परत वर येतो.

बेस ३२ मिलिमीटरचे आहेत. इकडे खाली पोरं किल्ला करतायत, त्यावरून तुला लगेच समजेल. मातीचा लेप जाड दिला की सुकताना तडे जातात, आणि बुरुजाशेजारी मोठा दगड ठेवला की किल्ला एकदम लहान दिसतो. बेसवरही तसंच. पीव्हीए ग्लूचा, म्हणजे पांढऱ्या डिंकाचा, पातळ थर, त्यावर धुऊन वाळवलेली वाळू, दोन जाडीची मिसळून, आणि कॉर्कचा एखादाच तुकडा. कडा दहाही जणांच्या एकाच काळ्या रंगाच्या ठेव. नुसत्या त्या कडांनी पथक एक दिसतं. पुढे क्लबसाठी पडकी भिंत करायला घेशील तेव्हा निळ्या-गुलाबी फोमला स्प्रे लावण्याआधी पीव्हीए आणि काळा अॅक्रिलिक रंग एकत्र करून सगळीकडून लाव. उघडा राहिलेला फोम स्प्रेमुळे वितळतो.

खेळाचं थोडक्यात सांगते, कारण ते तुला टेबलावरच येईल. दहाव्या आवृत्तीत, खास क्षमता न वापरता, तुझे दहा जण बोल्ट रायफलने प्रत्येकी दोन, म्हणजे वीस फासे टाकतील. तीन किंवा वर पडले की लागलं, सरासरी तेरा. समोरही मरीनच असतील तर चार किंवा वर पडले की जखम, उरले सहा-सात. रायफल चिलखत एकाने उतरवते, म्हणून चिलखताने जखम अडवायचा त्यांचा फासाही चारवर, उरले तीन. एका मरीनला दोन जखमा सोसतात. म्हणजे वीस फाशांत सरासरी एक-दोन गडी. हे गणित डोक्यात असलं की गोळीबाराने डाव जिंकायची आशा धरणार नाहीस. गुण मिळतात ते टेबलावरच्या ठिकाणांचे. मार्करच्या तीन इंचांत उभ्या असलेल्या तुझ्या प्रत्येक जवानाची पकड दोनची धरतात. पाच जण धरून राहिले तर दहा. नवे खेळाडू माणसं मारायला धावतात आणि ठिकाण मोकळं सोडतात. नऊ इंचांवरून चार्ज, म्हणजे धावून जाऊन भिडणं, करावासा वाटला तर लक्षात ठेव, दोन फाशांवर नऊ किंवा वर येण्याची शक्यता ३६ पैकी १० आहे.

डाव सुरू होण्याआधी समोरच्याशी भिंतींबद्दल बोलून घे : या खिडकीतून दिसतं असं धरायचं का, हा ढिगारा चढता येतो का. मिनी ठेवताना हेतू तोंडाने सांग, ‘हे पाच जण तुझ्या नजरेबाहेर ठेवतेय, ठीक ना?’ पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात. फासे टाकल्यावर चुकलेले उचल, लागलेले समोर राहू देत, म्हणजे त्यालाही मोजता येतात. तिरका अडकलेला फासा परत टाक. दुसऱ्याच्या मिनीला विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

न्यायला फोमचा महागडा खोका नको. प्रत्येक बेसखाली ५ बाय २ मिलिमीटरचं निओडिमियम मॅग्नेट सुपरग्लूने लाव आणि पत्र्याचा बिस्किटांचा डबा घे. आधी एक मॅग्नेट लावून डबा उलटा करून बघ. डिसेंबरात घरी येताना मिनी हातातल्या बॅगेत, कटर आणि क्लिपर चेक-इनमध्ये. स्प्रे आणि प्लास्टिक सिमेंट तिथेच ठेव, ते विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही.

पहिल्या मिनीचा खांदा झाला की मॅट वार्निश देण्याआधी थांब. टेबललॅम्प बाजूला ठेवून तिरक्या उजेडात फोटो काढ आणि मला पाठव. फिल्म चमकत असेल तर सुईने तिला दोन बारीक भोकं पाडून पुन्हा मायक्रो सोल देता येईल. वार्निश चढल्यावर ते जमणार नाही.

तुझी,
आई