ब्रश मागाहून, आधी ओला कचरा

नागपूर,
१६ नोव्हेंबर

प्रिय मुकुंदा,

बदलीचं कळलं, जानेवारीत सामान येतंय हेही कळलं. इतक्या वर्षांनी गावात परत येतोयस, फार बरं वाटलं. पण कचरा कमी करायचा म्हणून तू सोबत पाठवलेली खरेदीची यादी वाचून हसू आलं. बांबूचे चार ब्रश, स्टीलचे स्ट्रॉ, लाकडी कंगवे, शाम्पूच्या वड्या. हे सगळं मागवलंस तर पुठ्ठ्याचा ढीग तुझ्याआधी नागपुरात पोचेल. चौघांचे वर्षभराचे सगळे ब्रश मिळून वजन जेमतेम पाव किलोच्या आसपास. तेवढा ओला कचरा तुमच्या घरात सकाळी दहाच्या आत निघतो: चहाचा चोथा, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या, कांद्याची टरफलं, पपईची साल, डब्याच्या भाजीचे देठ. दिवसभराचा धरला तर अर्धा ते एक किलो. तेव्हा सुरुवात इथून कर.

हा कचरा पन्नीत बांधून कचरागाडीत टाकला की तो भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातो. तिथे ढिगाखाली हवा मिळत नाही, म्हणून तो कुजताना मिथेन तयार होतो, आणि उन्हाळ्यात तिथे आगी लागतात त्या तुला माहीतच आहेत. शिवाय ओल्यात भिजलेला कागद-पुठ्ठा कबाडीवाल्याच्याही कामाचा राहत नाही.

त्यापेक्षा त्याचं घरीच खत कर. वीस-पंचवीस लिटरच्या झाकणाच्या दोन जुन्या बादल्या घे. रंगाच्या रिकाम्या चालतात, फक्त आतून खरवडून स्वच्छ धू. गरम सळईने बाजूंना चार-चार बोटांवर आणि बुडाला सात-आठ भोकं पाड, खाली विटा आणि त्याखाली एक परात. तळाशी चार बोटं वाळला पाला, वर मूठभर जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक. रोजचा कचरा बारीक चिरून टाकायचा आणि त्यावर मापाने दुप्पट पाला. हे दुप्पट म्हणजे डोळ्यांना दिसणारं दुप्पट, वजनाने नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. पाला कमी पडतो, चिखल होतो, वास येतो, आणि घरचे म्हणतात, फेकून दे ते. दर तीन-चार दिवसांनी काडीने खालीवर कर. एक बादली भरली की झाकून ठेव आणि दुसरी सुरू कर.

बिघडलं तर नाकाने ओळखता येतं. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास आला तर पाल्याच्या मानाने ओला कचरा जास्त झालाय. सडक्या अंड्यासारखा आला तर पाणी जास्त आणि हवा कमी. दोन्हीवर उपाय पालाच, दुसऱ्यात खालीवर जरा जास्त. मुठीत दाबून बघ: एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर ओलं, काहीच नाही तर कोरडं. मुंग्या झाल्या म्हणजेही कोरडंच. जाड, करड्या अळ्या दिसल्या तर वहिनी किंचाळतील, पण त्या निरुपद्रवी आहेत आणि कचरा भराभर संपवतात. वर पाल्याचा थर जाड ठेवला की माश्या अंडी घालायला येत नाहीत.

खरा कस मे महिन्यात. पंचेचाळीस अंशांत बादली चार दिवसांत वाळून खडखडीत होते आणि कुजणं थांबतं. कोरडं झालंय म्हणजे तयार झालंय असं समजू नकोस. एक दिवसाआड तांब्याभर पाणी शिंपड आणि बादली पश्चिमेच्या उन्हातून हलव. ओल राखली तर उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत खत होतं, थंडीत तीन लागू शकतात.

पाल्याची तजवीज मात्र आल्या-आल्या कर. कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चात होते. तेव्हा चार-पाच गोण्या भरून कोरड्या जागी ठेवल्या की पावसाळा निघतो. सोसायटीचा माळी पाला जाळत असेल तर तो आनंदाने देईल. सावजी मटण झाल्यावर उरलेली हाडं, तर्री लागलेलं, दही-दूध यातलं बादलीत काहीही घालायचं नाही (सुरुवातीचं वाटीभर ताक तेवढं सोडून), उंदीर येतात. ते कागदात गुंडाळून गाडीच्या ओल्या डब्यात. आंब्याच्या कोयीही गाडीतच, त्या वर्षभर तशाच राहतात.

आता संत्री. आंबिया बहार, म्हणजे संत्र्यांचा आधीचा हंगाम, सुरू झालाय, तू येशील तेव्हा तो आटोपत आला असेल आणि मग मृग बहाराची येतील. घरात रोज दहा-बारा संत्री सोलली जातात आणि सगळी सालं बादलीत ओतली तर त्यातल्या तेलामुळे कुजणं मंदावतं. एक चतुर्थांशाहून जास्त घालू नकोस, तीही चिरून. बाकीच्यांचं फरशी पुसायचं आंबवण कर. १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साल, १ लिटर पाणी, दोन लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत. वरची जागा रिकामीच हवी. काचेची बाटली नको, गॅस साचून फुटते. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोड, नंतर आठवड्यातून एकदा. तीन महिन्यांनी गाळ. वर पांढरा पापुद्रा आला तर हरकत नाही, काळी बुरशी आणि घाण वास आला तर थोडा गूळ वाढव. अर्ध्या बादलीत दोन झाकणं पुरतात. पण हे आंबट असतं, म्हणून संगमरवर आणि शहाबादी फरशीवर वापरायचं नाही. चकाकी जाते आणि ती परत येत नाही. ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नकोस, क्लोरीन वायू सुटतो.

पाण्याचं सांगतो. शहराचं पाणी पेंच आणि कन्हानचं, नदीचं. आल्यावर आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आण, काहीशे रुपयांत मिळतो, आणि स्वयंपाकघरातल्या नळाचं मोज. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळत असतील तर आकडा बदलतो, म्हणून दोन-तीन वेळा बघ. ५०० च्या आत असेल तर आरओची गरज नाही. यूव्ही किंवा साधा गाळणीचा फिल्टर पुरे. आरओ लिटरभर पिण्याचं देताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. लावलाच, तर नळी बादलीत सोड आणि ते पाणी पोछ्याला, संडासात वापर. कुंड्यांना रोज घालू नकोस, मातीवर पांढरी खार येते. कुलरमध्ये तर मुळीच नको. आधीच क्षार जास्त, त्यात वाफ होऊन आणखी वाढतात आणि ताट्या दगडासारख्या होतात.

अंघोळीला वीस लिटरची बादली बास. थंडीत वीस अंशांचं पाणी चाळीसवर न्यायला बादलीमागे साधारण अर्धा युनिट लागतो. गिझर पन्नासवर ठेव आणि अंघोळी लागोपाठ उरका, नाहीतर तेच पाणी पुन्हा पुन्हा तापतं. एप्रिलनंतर गिझरचं बटण बंद, गच्चीवरची टाकी फुकटात तापवून देते.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नकोस, लोंबता राहू दे. सुटलेला तुकडा कुणीच गोळा करत नाही. आत अर्धा कप पाणी घालून खळबळव, ते चहात घाल, पिशवी उलटी वाळव. तुपकट, वास मारणारी पिशवी कबाडीवाला घेत नाही. चहाचा चोथा गुलाबाला घालणार असशील तर आधी धुवून साखर काढ, मुंग्या धरतात.

रविवारी तर्री-पोहे आणायला दोन डबे ने, एक पोह्यांना आणि एक घट्ट झाकणाचा तर्रीला. त्या पन्नीतलं तेल काही केल्या निघत नाही.

दातांचं एवढंच: आहेत ते ब्रश झिजू देत. काकूंना बाभळीची काडी आवडते तर त्यांना ती, पण तुम्ही फ्लोराइडची पेस्ट सोडू नका, आणि कोळशाच्या पावडरी तर नकोच, दातांचा वरचा थर खरवडतात. भांड्यांना स्पंजऐवजी वाळल्या घोसाळ्याची जाळी लाव. भिजत ठेवू नकोस, काळी पडते.

सामान बांधताना लोणच्याच्या बरण्या आणि जुन्या सुती साड्या टाकू नकोस, पुसायला लागतील. आणि फ्लॅटची बाल्कनी कोणत्या दिशेला आहे ते लगेच कळव. पश्चिमेला असेल तर बादल्यांसाठी गच्चीचं सोसायटीशी मी आधीच बोलून ठेवतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश